संसदेत झालेला कायदा रस्त्यावर रद्द होतो तेव्हा

कांदेवाला_निफाड

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात आहे, आज टाइप करतोच, मोठं होईल, सांभाळून घ्या.

मी कांदा आणि थोडा मका करतो, सव्वातीन एकर. २०२० ला शेतमालाचा बाजार मोकळा करणारे केंद्राचे तीन कृषी कायदे आले तेव्हा आमच्या घरात आनंद झाला होता, खोटं नाही सांगत. कारण आम्ही शेतकरी संघटनेच्या शरद जोशींना ऐकत वाढलो, बाजार मोकळा करा एवढंच मागणं घरात लहानपणापासून कानावर. आपल्याकडे २०१६ ला फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला आणि आडत म्हणजे दलाली शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, तेव्हा मी स्वतः टोमॅटो बाहेर विकून बघितला. मार्केटला ट्रॉली लावून रात्रभर लाइनीत थांबा, हमाली द्या, तोलाई द्या, लिलावात दोन मिनिटात कुणीतरी मूठभर माल हातात घेऊन भाव बोलणार आणि आपण मान हलवायची, हे सगळं एकदा तरी टळलं. म्हणून मला वाटलं की हे देशभर होतंय तर चांगलंय.

मग काय झालं ते सगळ्यांना माहितीय. २६ नोव्हेंबर २०२० पासून दिल्लीच्या सीमेवर सिंघू, टिकरी, गाझीपूरला पंजाब, हरियाणा, यूपीकडचे शेतकरी कायदे रद्द करा म्हणून बसले, वर्षभर बसले, १९ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी टीव्हीवर सांगितलं की कायदे मागे. २९ तारखेला दोन्ही सभागृहात चर्चा न करता रद्द.

माझा प्रश्न हाय की मी मत दिलं, माझ्यासारख्या कोट्यवधींनी दिलं, त्या मतातून संसद झाली, संसदेने कायदा केला. तो दोन-तीन राज्यातले लोक हायवे अडवून रद्द करू शकतात तर माझ्या मताची किंमत काय? मी दिल्लीला जाऊन वर्षभर बसू शकत नाही. माझा कांदा चाळीत सडेल. म्हणजे ज्याला बसायला परवडतं त्याचं लोकशाहीत जास्त चालणार का? आंदोलनवाले लोकशाही आणि लोकशाहीने केलेला कायदा मानतात का, हे मला खरंच समजून घ्यायचंय. चिडून नका बोलू, पण खरं बोला.

सिंघूशेजारी

कांदेवाला, मी मूळचा साताऱ्याचा, पण त्या काळात कुंडलीला एका कारखान्यात होतो, सिंघू बॉर्डरला लागूनच. म्हणजे ते वर्ष मी रोज बघितलंय.

आधी तुमच्या बाजूचं सांगतो. रोजचा पंधरा मिनिटांचा रस्ता दीड तासाचा झाला. शेतातल्या कच्च्या रस्त्याने गाड्या जायच्या, पावसात रुतायच्या. आमचा कच्चा माल अडकायचा, कंत्राटी पोरांचे खाडे पडायचे आणि खाडे पडले की पगार कापला जायचा, कंपनीचा नाही गेला काही, त्या पोरांचा गेला. बिहारची, यूपीची पोरं होती, त्यांच्याही घरी शेतीच होती. त्यांचं कुणी नाव घेतलं नाही ना सरकारने ना मोर्चाने.

आता दुसरं. ती माणसं मौज करायला बसली नव्हती. डिसेंबरातली तिकडची थंडी काय असते ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही, ट्रॉलीवर ताडपत्री टाकून आत सत्तर-सत्तर वर्षांचे म्हातारे झोपायचे. लंगरमध्ये आमच्या कारखान्यातली पोरं पण जेवायची, कुणी विचारायचं नाही तू कोण. पहाटे चार वाजता पराती घासायचा आवाज यायचा, तो माझ्या अजून कानात आहे.

आणि तुम्ही म्हणता संसदेने कायदा केला. कसा केला ते पण सांगा की. जून २०२० मध्ये लॉकडाउनच्या काळात अध्यादेश काढले. सप्टेंबरात विधेयकं आणली, कुठल्या संसदीय समितीकडे पाठवली नाहीत, २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधक मतविभागणी मागत होते ती दिली नाही, आवाजी मतदानाने पास. दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित. ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांना एकदा तरी बोलावून विचारलं असतं तर कदाचित रस्त्यावर यायची वेळच आली नसती असं मला वाटतं.

कांदेवाला_निफाड

मतविभागणी द्यायला पाहिजे होती, मान्य. पण त्यावर उपाय कोर्ट नाही का? सुप्रीम कोर्टाने १२ जानेवारी २०२१ ला अंमलबजावणी थांबवली, कमिटी नेमली, तिच्यात आपले अनिल घनवट होते, शेतकरी संघटनेचे. आंदोलकांनी कमिटीपुढे जायलाच नकार दिला. सरकारने अकरा बैठका घेतल्या, दीड वर्ष कायदे स्थगित ठेवतो म्हटलं, तरी एकच हेका, रद्द करा. कमिटीने जो अहवाल दिला तो कोर्टाने उघड केला नाही, शेवटी घनवटांनी मार्च २०२२ मध्ये स्वतः पत्रकारांपुढे मांडला, तोवर कायदेच नव्हते. मला त्याचं दुःख आहे. चर्चा करायची नसेल तर मग लोकशाही कुठे राहिली?

द्राक्षबाग

मी दिंडोरीकडचा, म्हणजे तुमच्या शेजारचाच. मलाही मोकळा बाजार पाहिजे. पण त्या कायद्यात काय होतं ते नीट वाचलंत का? पॅन कार्ड असलेला कुणीही व्यापारी बाहेर माल घेणार, आणि पैसे बुडवले तर दाद मागायची प्रांताकडे म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, दिवाणी कोर्टात जायची वाटच बंद. आपल्याकडे द्राक्षवाल्यांना दर सीझनला काय होतं? परराज्यातला व्यापारी येतो, पहिल्या दोन गाड्या रोखीत घेतो, गोड बोलतो, नंतरच्या चार गाड्या उधारीवर, आणि एक दिवस मोबाइल बंद. माझ्या चुलत भावाचे साडेचार लाख असेच गेले २०१८ ला. चार वर्षं हेलपाटे मारले. प्रांतसाहेबांकडे आधीच जमिनीच्या, दाखल्यांच्या, इलेक्शनच्या कामाचा ढीग, ते आमच्या द्राक्षाच्या पैशांचा निकाल कधी लावणार?

म्हणजे शंका घेणारे सगळे येडे नव्हते. आणि शेती, बाजार हे राज्यांचे विषय, केंद्राने अन्नधान्याच्या व्यापाराची समवर्ती सूचीतली नोंद धरून कायदा केला. पंजाबचं सरकार पण लोकांनीच निवडून दिलेलं होतं ना? मग लोकशाही नेमकी कुठली मोजायची, दिल्लीची का चंदीगडची?

जुना_फौजदार

चर्चा चांगली चाललीय. मी पोलिसात बत्तीस वर्षं काढली, आता रिटायर. बंदोबस्ताला उभं राहून जे दिसलं ते लिहितो.

आंदोलनाच्या आदल्या दिवशी आम्ही कार्यकर्त्यांना १४९ ची नोटीस द्यायचो, म्हणजे गुन्हा करू नका अशी आधीच ताकीद, आता नवीन कायद्यात कलमाचा नंबर बदललाय. पोलीस कायद्यातल्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश तर शहरात बारा महिने चालूच असल्यासारखा असतो. म्हणजे कागदावर बघितलं तर पाच माणसं घोषणा देत उभी राहिली तरी कायदा मोडला. तरी आम्हाला माहिती असायचं कुणाला उचलायचं, कुणाला चहा पाजून बोलायचं, संध्याकाळी कुणाला सोडायचं. हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर चालतं आणि ते मला कधी आवडलं नाही. एकाला परवानगी मिळते, दुसऱ्याला त्याच मैदानाची मिळत नाही, आणि मग दुसरा म्हणतो की कायदा त्यांच्या घरचा आहे. त्याला चूक कसं म्हणू?

पण एक गोष्ट मी बदलताना बघितली. १९८०-८५ पर्यंत लोक जेल भरायला यायचे. स्वतःहून गाडीत चढायचे, नाव-गाव सांगायचे, भाकरी बांधून आणायचे. आम्ही कायदा मोडलाय, घ्या आत, अशी भाषा. आता दगडफेक झाली की व्हिडिओ काढणारा तोंड झाकतो आणि आंदोलन मिटायच्या वेळी मागण्यांच्या यादीत पहिली मागणी असते गुन्हे मागे घ्या. सरकारं पण जीआर काढून घेतात मागे, जीव गेला नसेल आणि नुकसान ठराविक रकमेच्या आत असेल तर. साध्या गर्दीच्या केसेस मागे घ्या, चांगलंच आहे, पोरांची नोकरी-पासपोर्ट अडतात. पण एसटीची काच फुटून माझ्यासमोर एका कंडक्टर बाईच्या डोळ्यात गेली होती, ती केस पण त्याच ढिगात गेली. ती बाई पुढे डेपोत टेबलवर बसून काम करायची. तिला कुणी विचारलं नाही की ताई, केस मागे घेऊ का?

सई_सायन

फौजदार काका, वाचून पोटात तुटलं.

मी सायनला राहते म्हणून २०१८ चा लाँग मार्च बघितला. ६ मार्चला नाशिकहून निघाले होते, आदिवासी जास्त, पायात धड चप्पल नाही, तळपायाची सालं निघालेली, १८० किलोमीटर चालत. ११ ला सोमय्या मैदानावर मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर. माझी भाची तेव्हा दहावीला, घरात सगळ्यांना टेन्शन की सकाळी सेंटरला पोचणार कशी. रात्री कळलं की ते लोक सकाळी निघणारच नाहीत, मध्यरात्रीनंतरच निघतायत म्हणजे पोरांच्या परीक्षेच्या आधी आझाद मैदान गाठतील. दिवसभर चालून आलेली माणसं झोप टाकून परत पंधरा किलोमीटर चालली. आम्ही बिल्डिंगमधल्या बायका पाण्याच्या बाटल्या आणि पारलेचे पुडे घेऊन खाली गेलो. एक आजी होत्या, हातात लाल झेंडा, मी विचारलं थांबायचं का जरा, तर म्हणाल्या नाही गं, पोरांची परीक्षा हाय. भाची सकाळी वीस मिनिटांत सेंटरवर.

आणि त्यांची मुख्य मागणी काय होती? वनहक्क कायदा, २००६ चा, संसदेनेच केलेला. त्याची अंमलबजावणी करा. म्हणजे कांदेवाला दादा तुम्ही विचारता आंदोलनवाले कायदा मानतात का, तर हे लोक कायदा मानत होते आणि सरकारच मानत नव्हतं, बारा वर्षं वनजमिनीचे दावे धूळ खात पडले होते. १२ मार्चला लेखी आश्वासन मिळालं, सहा महिन्यांत करतो म्हणून. मग २०१९ ला परत निघावं लागलं, २०२३ ला परत. तीनदा!

वकिलीण_बाई

सई, अगदी. मला महाडचं आठवलं. हे उदाहरण आपण चवदार तळ्याच्या फोटोपुरतं ठेवतो पण त्याची कायदेशीर बाजू फार बघण्यासारखी आहे.

१९२३ ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करा. तो पास झाला. १९२४ ला महाड नगरपालिकेने पण तसा ठराव केला. म्हणजे २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले तेव्हा ते कुठलाही कायदा मोडत नव्हते, झालेला ठराव वापरत होते. कायदा मोडला तो मारहाण करणाऱ्यांनी. पुढे ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. म्हणजे निवडून आलेल्या संस्थेने! तेव्हा मत कुणाला होतं ते पण लक्षात घ्या, सगळ्यांना नव्हतंच.

डिसेंबरात परत सत्याग्रह ठरला, हजारो लोक महाडला जमले, आणि विरोधकांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. जमलेले लोक पेटलेले, जेलमध्ये जायला तयार. बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं. मनुस्मृती जाळली, पण तळ्यावर पाणी भरायला गेले नाहीत, कोर्टाचा हुकूम होता म्हणून. केस लढले. हायकोर्टाचा निकाल १९३७ ला लागला, दहा वर्षांनी, त्यांच्या बाजूने.

आणि याच माणसाने २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत सांगितलं की आता घटनेचे मार्ग उघडे आहेत, कायदेभंग, असहकार, सत्याग्रह सोडा, ते अराजकाचं व्याकरण आहे. हे वाक्य प्रत्येक आंदोलनाच्या वेळी कुणीतरी व्हॉट्सअपवर फिरवतं. पण ते त्याच भाषणात असंही म्हणाले की सामाजिक आणि आर्थिक विषमता लवकर संपवली नाही तर ज्यांना ती भोगावी लागते ते हा लोकशाहीचा डोलारा उडवून देतील. तो भाग कुणी फिरवत नाही. मार्ग उघडे असतील तर, ही अट आहे त्यात. दार उघडं आहे का हे रोज बघायला लागतं. कोर्टात तारीख पडते म्हणजे दार उघडं असं माझ्या अशिलांना तोंड वर करून सांगायची मला लाज वाटते, कारण मी स्वतः अकरा-अकरा वर्षं जुन्या केसेस चालवतेय.

द्राक्षबाग

वकीलताई, एकच नंबर. मनाई हुकुमाचं माहिती नव्हतं.

कांदेवाला, तुम्हाला एक विचारू का, राग नका मानू. तुम्ही कांदा करता. आपल्या पोटावर सगळ्यात मोठा पाय कशाने पडला? ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी. हा कायदा होता का? नुसती अधिसूचना. रात्रीत निघाली. लोकसभेत चर्चा नाही, राज्यसभेत नाही, कुणाला मत नाही. सकाळी लिलावात भाव पडला. तेव्हा चांदवडला हायवेवर आपण बसलो होतो ना? मी होतो, तुमच्याकडची पण बरीच मंडळी होती.

आणि १४ सप्टेंबर २०२० आठवा. ज्या दिवशी मोकळ्या बाजाराची विधेयकं लोकसभेत मांडली, त्याच दिवशी कांदा निर्यातबंदी केली. पुढच्या महिन्यात, कायदा झालेला असताना, साठ्यावर मर्यादा घातली. मग शेतकऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा?

कांदेवाला_निफाड

राग कशाला, खरं आहे ते. १४ सप्टेंबरचं मला कायम खुपतं. आणि हो, चांदवडला मी पण होतो, दोन तास.

पण तिथलंच सांगतो. त्या दिवशीचं नाही, आधीच्या एका रास्ता रोकोचं, कुठल्या संघटनेचा ते नको. मी अडकलेल्या गाड्यांच्या बाजूला होतो. माझ्या मावशीला डायलिसिसला नेत होतो नाशिकला, आठवड्यातून दोनदा असायचं तिचं. खाली उतरून पुढे गेलो, हात जोडले, की पेशंट आहे, साधी गाडी आहे अॅम्ब्युलन्स नाही, पण पेशंट आहे. एक पोरगा म्हणाला थांबा काका दहा मिनिटं, टीव्हीवाले येतायत. टीव्हीवाले! चाळीस मिनिटं गेली. मावशी मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून, काहीच बोलत नव्हती, पायावर सूज एवढी की चप्पल काढून ठेवलेली. तिचा मुलगा शेतकरी, मी शेतकरी, अडवणारे शेतकरी. त्या पोराची मागणी माझीच मागणी होती. तरी त्या दिवशी माझं मन उठलं ते उठलंच.

म्हणून सईताईंनी लिहिलेलं रात्रीचं चालणं वाचून मी बराच वेळ फोन बाजूला ठेवला.

सिंघूशेजारी

हे वाचून काही सुचत नाहीये. मावशी आता कशा आहेत?

कांदेवाला_निफाड

नाहीत आता. त्यामुळे गेल्या असं नाही म्हणणार मी, दोन वर्षांनी गेल्या.

बोरीबंदर

मला मुंबईकराची बाजू पण मांडायची आहे कारण सगळ्या महाराष्ट्राचा राग शेवटी आझाद मैदानावर येतो आणि माझं ऑफिस तिथे. २०२५ च्या ऑगस्टअखेर मराठा आंदोलनाला परवानगी होती एक दिवस, पाच हजार माणसं. आले किती ते सगळ्यांनी पाहिलं. स्टेशनात पोरं झोपलेली, रस्त्यावर गाड्या, हायकोर्टाला सांगावं लागलं की रस्ते मोकळे करा. मी पहिल्या दिवशी खूप चिडलो होतो. दुसऱ्या दिवशी सबवेच्या तोंडाशी बीडकडचा एक पोरगा भेटला, विचारतोय दादा संडास कुठेय. आजूबाजूची खाण्याची दुकानं बंद, पाणी नाही, पाऊस. मी त्याला आमच्या बिल्डिंगमधे नेलं. बीएस्सी झालेला पोरगा, भरतीची तयारी करतोय. म्हणाला आमच्याकडे आमदार फक्त लग्नात भेटतो.

परवानगी पाच हजारांची घेऊन लाखो आणायचे हे मला अजूनही पटत नाही, कारण पुढच्या वेळी चार अंगणवाडी सेविकांना परवानगी मागताना तेच तोंडावर फेकलं जाईल. पण त्या पोराला मी लोकशाहीविरोधी म्हणू शकत नाही. तो तर निवडणुकीत मत देऊनच आला होता.

पंचगंगा

नमस्कार. मी इथे वाचतेच फक्त, लिहिते कमी. कोल्हापूर जिल्ह्यातलं लहान गाव. आमच्या गावात दारूच्या दुकानाचा त्रास होता. तुम्ही दिल्ली-मुंबईचं बोलताय, मी आमच्या गल्लीचं सांगते.

आम्ही बायकांनी आधी मोर्चाच काढला होता, लाटणी घेऊन. दुकानाला कुलूप लावलं. मालकाने लायसन दाखवलं, पोलीस म्हणाले ताई त्याचं लायसन कायदेशीर आहे, तुमचं कुलूप बेकायदेशीर. तेव्हा खूप राग आला. नवरा पिऊन मारतो ते कायदेशीर का, असं मी फौजदारांना तोंडावर म्हटलं, ते काही बोलले नाहीत.

मग बचत गटाच्या मॅडमनी सांगितलं की बाटलीचं मतदान असतं. गावातल्या पंचवीस टक्के बायकांच्या सह्या घेऊन अर्ज द्यायचा, मग मतदान लागतं, उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. आम्ही दारोदार फिरलो. काही घरात सासूच सही करू देईना, काही घरात दुकानदाराची उधारी. उत्पादन शुल्कचे साहेब सह्या पडताळायला आले तेव्हा काही जणी घाबरून नाही म्हणाल्या, तरी भरलं.

मतदानाच्या दिवशी शाळेत लाइन लागली होती, नव्वद वर्षांच्या आजीला खुर्चीत बसवून आणलं, शिक्क्यावर शाई जास्त लागली म्हणून ती परत पुसू का विचारत होती. निकाल लागला तर आडवी बाटली कितीतरी पुढे. आम्ही गुलाल उधळला. मग साहेब म्हणाले थांबा. झालेल्या मतदानाच्या निम्मं चालत नाही, गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त पाहिजेत. ज्या आल्याच नाहीत त्या सगळ्या दुकानाच्या बाजूने धरल्यासारखं झालं. एकतीस मतं कमी पडली. एकतीस.

मयत झालेल्या बायकांची नावं यादीत होती, लग्न होऊन गेलेल्या मुलींची होती. त्या कुठून येणार मत द्यायला? आमदार निवडून यायला असं निम्मं लागत नाही, दुकान बंद करायला लागतं. हा नियम मला अन्यायाचा वाटतो, आजही वाटतो.

त्या रात्री पोरी म्हणाल्या काकू दुकान फोडू. वीस-पंचवीस जणी होतो देवळापुढे. माझ्या मनात पण होतं. पण मग एक जण म्हणाली आपणच मतदान मागितलं होतं, जिंकलो असतो तर मालकाने दुकान बंद करायलाच पाहिजे असं म्हटलं असतं ना आपण? मग हरलो तर? कुणी काही बोललं नाही. पाऊस यायला लागला म्हणून घरी गेलो. दुकान फोडलं नाही.

वकिलीण_बाई

पंचगंगाताई, तुमची पोस्ट मी ऑफिसमध्ये मोठ्याने वाचून दाखवली.

मतदार यादी दुरुस्तीसाठी आत्ताच अर्ज द्या, मयत आणि लग्न होऊन गेलेली नावं कमी करून घ्या, त्याचा फॉर्म सात असतो, बीएलओकडे म्हणजे तुमच्या भागाची मतदार यादी बघणाऱ्याकडे मिळेल, प्रत्येक नावाला वेगळा भरायचा. मयताच्या दाखल्याची झेरॉक्स जोडा. यादी खरी झाली की तुमचं निम्मं आपोआप खाली येईल. नियमच बदलायचा असेल तर तो वेगळा लढा, त्यासाठी मोर्चा काढा, मी येते.

जुना_फौजदार

ताई, तुमच्या त्या फौजदाराच्या जागी मी असतो तर मलाही उत्तर देता आलं नसतं.

कांदेवाला_निफाड

पंचगंगाताई, तुम्ही हरल्यावर घरी गेलात हे मी आमच्या नानांना सांगितलं. नाना म्हणजे वडील, १९८० च्या नोव्हेंबरात मुंबई-आग्रा रोडवर बसलेले, कांद्याला आणि उसाला भाव मागायला, उसाला टनाला ३०० रुपये ही मागणी होती. तेव्हा खेरवाडीला गोळीबार झाला, शेतकरी गेले. मी नानांना हा धागा सगळा वाचून दाखवला कारण त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. माझा जो मूळ प्रश्न होता तोच त्यांना विचारला, की नाना तुम्ही पण रस्ताच अडवला होता, मग पंजाबवाल्यांना मी कसं बोलू?

ते म्हणाले आम्ही रस्ता अडवला तेव्हा आमच्यातले दोघं कडेला फक्त गाड्या बघायला होते. दूध, दवाखाना, बाळंतीण आणि मयतीला जाणारा, एवढ्यांना सोडायचं असं रात्रीच ठरलेलं. आणि पोलिसांची गाडी आली की पळायचं नाही, नाव खरं सांगायचं. नानांना जेल झाली होती. वीटभट्टीसारखी गरम बराक होती म्हणतात आणि संडासची बादली. घरी माझी आजी एकटी कांदा काढत होती. मी विचारलं की गुन्हा मागे घ्या म्हणून मागितलं का? म्हणाले, केला होता ना गुन्हा, मग मागे कसला घ्यायचा, भाव मागितला होता तो द्या म्हणालो.

मग मी कृषी कायद्यांचं विचारलं. नाना कायद्याच्या बाजूचेच होते, माझ्यापेक्षा जास्त. ते म्हणाले कायदा चांगला होता पण आम्हाला विचारून केला नव्हता, म्हणून त्याला कुणी वाली नव्हता. पंजाबवाले बसले तेव्हा आपण त्यांच्यासमोर आपला कायदा वाचवायला कुठे बसलो? मी म्हटलं नाना, कांदा होता चाळीत. तर म्हणाले, माझा पण होता.

यावर माझ्याकडे उत्तर नाही. मला अजूनही वाटतं की वर्षभर हायवे अडवणं चूक, आणि दीड वर्षाची स्थगिती घेऊन चर्चेला बसायला पाहिजे होतं. ते मत मी बदललेलं नाही. पण मी सुरुवातीला लिहिलं की ज्याला बसायला परवडतं त्याचं चालतं, ते मागे घेतो. परवडतं म्हणून कोणी बसत नाही. सिंघूशेजारींनी लिहिलेल्या त्या ताडपत्रीखालच्या म्हाताऱ्यांना पण परवडत नव्हतं.

सिंघूशेजारी

नानांना नमस्कार सांगा. आमच्या कारखान्यातल्या कापलेल्या पगाराचं पण कुणीतरी कडेला उभं राहून बघायला पाहिजे होतं, असं वाटून गेलं.

सई_सायन

दूध, दवाखाना, बाळंतीण, मयत. मी लिहून ठेवलंय हे.

पंचगंगा

वकीलताई, फॉर्म सात आणले. बीएलओ म्हणजे आमच्या अंगणवाडीच्या ताईच आहेत, त्यांनीच समजावून दिलं. आतापर्यंत मयताचे अठरा आणि लग्न होऊन गेलेल्यांचे तेवीस निघालेत, दाखले गोळा करतोय. एका घरी सासू गेलीय पण दाखला काढलेलाच नाही, म्हणून उद्या ग्रामपंचायतीत जायचंय. नियम बदलायच्या मोर्चाचं पण ठरतंय, यादीचं काम झालं की तारीख कळवते.